आंबट द्राक्षांचे गाव : अल्बनीच्या फळबागा आणि परिरक्षणाचा इतिहास

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या मध्यभागापासून उत्तरेस सुमारे पंधरा किलोमीटरवर वसलेले अल्बनी आज मॉल, क्रीडासंकुल आणि मॅसी विद्यापीठाचे आवार यांसाठी ओळखले जाणारे एक वाढते उपनगर असले, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते मुख्यतः फळबागांचे गाव होते आणि त्याचे नावदेखील फळांच्याच नात्याने पडलेले आहे. वैतेमाता या समुद्रखाडीच्या वरच्या टोकाशी मिळणाऱ्या लुकास क्रीक नावाच्या ओहोळावरून या वस्तीला पूर्वी लुकास क्रीक असेच म्हणत; १८९० मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियातील अल्बनी या फळबागांच्या भागावरून, तिने नवे नाव धारण केले. ज्या वस्तीने आपली ओळखच फळांकडून घेतली, तिच्यापुढे हंगामात एकाच वेळी पिकणारे नाशवंत पीक टिकवायचे कसे, हा प्रश्न आरंभापासून उभा असणार हे उघड आहे. या प्रश्नाची साखर, उष्णता, गंधक आणि पुढे सोडियम बेंझोएट अशी जी उत्तरे निरनिराळ्या काळी पुढे आली, त्यांच्यात एक समान धागा आहे. यांपैकी बहुतेक उपाय स्वतःच्या बळावर उभे नसतात; फळातील आम्लाच्या आधारानेच ते आपले काम करतात. अल्बनीच्या द्राक्षांना ज्या आंबटपणाबद्दल नावे ठेवली गेली, तोच आंबटपणा त्यांच्या टिकाऊपणाचा पाया होता.

फळबागांच्या आधी येथे कौरी वृक्षांचे अरण्य होते. कौरी हा न्यूझीलंडच्या उत्तर भागात वाढणारा प्रचंड सूचिपर्णी वृक्ष असून त्याच्या खोडातून पाझरणारी राळ शतकानुशतके जमिनीत साचून कठीण होत गेली होती. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड्यांनी उभे अरण्य संपवले आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या राळखणकांनी भाल्यासारखी लोखंडी सळई जमिनीत खुपसून पुरलेली राळ शोधून काढली. व्हार्निश आणि पुढे लिनोलियम बनवण्यासाठी तिला परदेशात मोठी मागणी होती. कौरीच्या पालापाचोळ्यामुळे माती निकस व आम्लधर्मी बनते, तिच्यातील अन्नद्रव्ये पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातात आणि मागे चिकट पांढरट माती उरते, म्हणून अशी जमीन धान्यशेतीला फारशी उपयोगाची नव्हती. खत घालून आणि निचरा करून तिच्यावर फळझाडे मात्र लावता आली. राळ खणण्यासाठी डाल्मेशियातून, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनारपट्टीतून, आलेल्या अनेकांनी पुढे ऑकलंडच्या पश्चिमेस हेंडर्सनच्या परिसरात द्राक्षमळे लावले. १८९८ च्या कायद्याने राळेच्या राखीव जमिनी ब्रिटिश प्रजाजनांसाठी ठेवल्यानंतर राळेचा धंदा त्यांच्यासाठी अधिकच अवघड झाला होता. न्यूझीलंडच्या वाइन व्यवसायातील कित्येक जुनी घराणी या राळखणकांच्या वंशातली आहेत.

अल्बनीचा माल पूर्वी ओहोळातून होड्यांनी, तसेच खडबडीत रस्त्याने बंदरापर्यंत आणि तेथून बोटीने ऑकलंडच्या बाजारात जात असे. अशा प्रवासात मऊ फळे दबतात, साल फुटते, आणि सालीवर निसर्गतःच वस्ती करून असलेले यीस्ट, म्हणजे साखरेपासून मद्यार्क बनवणारे एकपेशीय किण्व, रसात शिरून तो आंबवू लागतात. फळे खराब होतात ती मुख्यतः यीस्ट व बुरशी यांच्यामुळे. माणसाला घातक असणारे बहुतेक जीवाणू आंबट रसात तग धरत नाहीत, पण या दोघांना आम्लाचे फारसे वावडे नाही. आंबटपणा मोजण्यासाठी सामू हे माप वापरतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि पदार्थ जितका आंबट तितका तो आकडा खाली येतो. हे माप लघुगणकी असल्याने एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापटींचा फरक होय. द्राक्षरसाचा सामू साधारणपणे ३ ते ३.५ च्या आसपास येतो. अन्नविज्ञानात ४.६ हा सामू सीमारेषा मानला जातो, कारण त्याच्या खाली बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेस कारणीभूत होणारा जीवाणू वाढू शकत नाही. म्हणूनच पीच किंवा प्लम काचेच्या बरणीत भरून उकळत्या पाण्यात तापवण्याची न्यूझीलंडच्या घराघरांतील पद्धत सुरक्षित ठरली. वाटाणे किंवा मांस अशा रीतीने टिकवू पाहणे धोक्याचे असते.

साखरेचा उपाय तर अल्बनीच्या हाताशीच होता. वैतेमाता खाडीच्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडील बर्कनहेड येथे चेल्सी साखर शुद्धीकरण कारखाना १८८४ मध्ये सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्कनहेडच्या अगदी शेजारी साखरेचा कारखाना उभा राहावा, हा फळबागाईतदारांच्या दृष्टीने मोठा सुयोग म्हटला पाहिजे. जॅममध्ये साखरेचे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत नेले की पदार्थातील पाणी साखरेशी इतके बांधले जाते की सूक्ष्मजीवांच्या वाट्याला ते उरतच नाही. येथेही आम्लाची भूमिका दुय्यम नाही, कारण फळातील पेक्टिन नावाचा चिकट घटक आंबटपणाशिवाय गोठत नाही आणि जॅम पातळच राहतो. मोरावळा करणाऱ्या मराठी सुगरणीला हे गणित वेगळे सांगावे लागत नाही.

अल्बनीचे नाव मात्र जॅममुळे नव्हे, तर एका द्राक्षामुळे न्यूझीलंडभर पोहोचले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास जॉर्ज पॅनिल या अल्बनीच्या बागाईतदाराने इसाबेला जातीच्या द्राक्षवेलीवर आपोआप उद्भवलेला, अधिक मोठ्या फळांचा एक प्रकार निवडून वाढवला, आणि तो अल्बनी सरप्राइझ या नावाने प्रसिद्ध झाला. इसाबेला ही उत्तर अमेरिकेतील रानटी द्राक्षाच्या रक्ताची जात आहे. तिची साल जाड व सहज सुटणारी, गर बुळबुळीत आणि वास उग्र असतो. महाराष्ट्रात बेंगलोर ब्ल्यू या नावाने परिचित असलेले काळे द्राक्ष याच गोतातले असल्यामुळे त्याची चव घेतलेल्या वाचकाला अल्बनी सरप्राइझची कल्पना सहज येईल. युरोपीय वेलींच्या मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा या सूक्ष्म किडीने त्या काळी जगभरचे मळे उद्ध्वस्त केले होते आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीतून आलेले द्राक्षतज्ज्ञ रोमिओ ब्रागातो यांनी १८९५ मध्येच न्यूझीलंडमध्ये तिच्या अस्तित्वाचा इशारा दिला होता. ऑकलंडची दमट हवाही युरोपीय द्राक्षांना मानवत नव्हती, कारण अशा हवेत बुरशीजन्य रोग झपाट्याने पसरतात. अमेरिकी रक्ताची द्राक्षे या दोन्ही संकटांना बऱ्याच अंशी पुरून उरत, त्यामुळे चवीने नव्हे तर चिवटपणाने अल्बनी सरप्राइझने देश काबीज केला आणि १९६० च्या सुमारास ती न्यूझीलंडमध्ये सर्वाधिक लागवड असलेल्या द्राक्षजातींत अग्रभागी होती.

चिवटपणाची किंमत वाइन करणाऱ्यांना मोजावी लागली. ढगाळ, दमट उन्हाळ्यात पिकलेल्या या द्राक्षांत साखर कमी आणि आम्ल अधिक राही. साखर कमी म्हणजे आंबवल्यावर तयार होणारा मद्यार्कही कमी, आणि मद्यार्क हेच वाइनचे अंगभूत परिरक्षक असल्याने अशी वाइन लवकर बिघडण्याची भीती अधिक. यावर एक तोड म्हणजे आंबवण्याआधी रसात साखर मिसळणे आणि दुसरी म्हणजे तयार वाइनमध्ये बाहेरून मद्यार्क घालून तिला पोर्ट किंवा शेरीसारखे गोड व कडक रूप देणे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यूझीलंडच्या वाइनचा मोठा भाग याच दुसऱ्या प्रकारचा होता. त्या काळच्या या वाइनला नंतरच्या टीकाकारांनी नाके मुरडली आहेत, आणि चवीपुरते बोलायचे तर त्यात तथ्य आहे. परंतु दमट हवेत, शीतगृहांशिवाय आणि नेमके मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळांशिवाय वर्षभर टिकेल असे पेय हाती असलेल्या फळातून काढून दाखवणे, हे कमी कौशल्याचे काम नव्हते.

तिसरा उपाय गंधकाचा. रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळून मग त्यात वाइन भरण्याची चाल युरोपात शतकानुशतके होती. जळणाऱ्या गंधकातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू लाकडातील बुरशी मारतो आणि वाइनमध्ये विरघळून तिला व्हिनेगर बनवणाऱ्या जीवाणूंपासून वाचवतो. महाराष्ट्रात तासगाव आणि नाशिकच्या बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी दिली जाते ती याच वायूसाठी. तेथे मुख्य हेतू बेदाण्याचा रंग काळवंडू न देण्याचा असतो, पण बुरशीपासून संरक्षण हाही त्याचाच लाभ आहे. पुढे वातीची जागा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या पांढऱ्या भुकटीने घेतली. कृषी विद्यापीठांच्या मराठी पुस्तिकांत केएमएस म्हणून जिचा उल्लेख येतो तीच ही भुकटी, आणि आंबट द्रवात पडताच ती तोच वायू मोकळा करते. मात्र द्रवात विरघळलेला सगळाच वायू कामाचा नसतो. त्याचा मोठा भाग पाण्याशी संयोग पावून बायसल्फाइट आयनाच्या रूपात जातो, आणि सूक्ष्मजीवांना रोखणारा जो रेण्वीय भाग शिल्लक राहतो तो सामूवर ठरतो. वाइनमध्ये लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम रेण्वीय सल्फर डायऑक्साइड असावा असा संकेत आहे. तेवढा मिळण्यासाठी सामू ३ असताना सुमारे १३ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे इतर घटकांशी न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड पुरतो, सामू ३.५ असताना ४० लागतो आणि सामू ४ झाला की तब्बल १२५. आंबट द्राक्षाच्या वाइनला चिमूटभर गंधक पुरत असे ते यामुळे.

सोडियम बेंझोएटची कथा याच तत्त्वाची अधिक ठळक आवृत्ती आहे आणि तिचा आरंभही झाडाच्या राळेतच होतो. मराठी घरांत धुपासाठी वापरला जाणारा लोबान ही सुमात्रा व आसपासच्या प्रदेशांतील एका झाडाची राळ होय. सोळाव्या शतकात युरोपातील औषधकर्त्यांनी ती बंद भांड्यात तापवून तिच्या वाफेतून पांढऱ्या, चकचकीत सुयांसारखे स्फटिक मिळवले. भविष्यवेत्ता म्हणून अधिक गाजलेल्या नॉस्त्रादामुसने १५५६ मध्ये या क्रियेचे वर्णन केलेले आहे. हे स्फटिक म्हणजे बेंझोइक आम्ल. १८३२ मध्ये लीबिग आणि वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घटना उलगडली, आणि १८७५ मध्ये साल्कोव्स्की यांनी त्याचा बुरशीरोधक गुण दाखवून दिल्यावर औषधांच्या कपाटातले हे द्रव्य अन्नाच्या कारखान्याकडे वळले. कोळशाच्या डांबरापासून आणि नंतर खनिज तेलापासून ते स्वस्तात बनू लागले, तेव्हा लोबानाची गरजच उरली नाही. ज्या काळात अल्बनीच्या भोवतीची कौरीची राळ व्हार्निशसाठी बोटींत भरली जात होती, त्याच काळात मुळात दुसऱ्या एका राळेतून मिळालेले हे आम्ल जगभरच्या फळरसाच्या बाटल्यांत शिरत होते. या दोन राळांचा परस्परांशी रासायनिक संबंध नाही, पण इतिहासात असे योग येतात.

बेंझोइक आम्ल पाण्यात फार थोडे विरघळते. लिटरभर पाण्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम. त्याचे सोडियम लवण, म्हणजे सोडियम बेंझोएट, मात्र पाण्यात सहज विरघळते, म्हणून कारखान्यात आणि घरगुती सरबतांत लवणच वापरतात. आंबट रसात पडल्यावर या लवणातील बेंझोएट आयन रसातला हायड्रोजन आयन उचलतो आणि पुन्हा बेंझोइक आम्ल तयार होते. किती भाग आम्लरूपात परततो हे सामू ठरवतो, आणि ४.२ हा सामू येथे मध्यबिंदू आहे, कारण त्या ठिकाणी निम्मे बेंझोएट आम्लरूपात व निम्मे आयनरूपात असते. सामू ३ असताना सुमारे ९४ टक्के भाग आम्लरूपात राहतो, सामू ४ असताना ६१ टक्के, सामू ५ असताना १४ टक्क्यांच्या आत, आणि दुधासारख्या जवळपास उदासीन पदार्थात एक टक्काही नाही. द्राक्षरसात चालणारी मात्रा सामू ५ असलेल्या पदार्थात तितकीच परिणामकारक व्हावी असे वाटत असेल, तर ती जवळजवळ सातपट करावी लागेल, आणि इतकी मात्रा ना चवीला खपेल ना कायद्याला.

आम्लरूपाचाच उपयोग का व्हावा, याचे उत्तर सूक्ष्मजीवाच्या पेशीपटलात आहे. हे पटल स्निग्ध पदार्थांचे बनलेले असल्यामुळे विद्युतभारित आयनाला ते अडवते, परंतु भाररहित बेंझोइक आम्ल त्यातून विनासायास आत जाते. पेशीच्या आतले वातावरण जवळपास उदासीन असते. तेथे पोहोचताच आम्लाचे विघटन होऊन हायड्रोजन आयन मोकळा होतो आणि उरलेला बेंझोएट आयन भारित असल्याने बाहेर पडू न शकता आतच अडकतो. बाहेर आम्ल शिल्लक आहे तोवर हा ओघ चालूच राहतो. पेशीचा सामू घसरू लागतो, साखरेचे विघटन करणारी विकरे, म्हणजे जैवरासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, मंदावतात, आणि आत साचलेले हायड्रोजन आयन बाहेर फेकण्यासाठी पेशीला आपली ऊर्जा खर्चावी लागते. भोक पडलेल्या होडीतील नावाड्याचे दोन्ही हात पाणी उपसण्यात गुंतले की वल्हे मारायला कोणी उरत नाही, तशी यीस्टची गत होते: ते मरते असे नाही, पण वाढत नाही. येथे एक गोष्ट वारंवार विसरली जाते. बेंझोएट हे सूक्ष्मजीव मारणारे नव्हे, तर त्यांना थोपवणारे द्रव्य आहे. सडकी फळे, अस्वच्छ भांडी आणि अर्धवट तापवलेला रस यांची भरपाई त्याच्याने होत नाही, कारण आरंभीच यीस्टची संख्या अफाट असेल तर थोपवण्याची मर्यादा लवकर ओलांडली जाते.

गंधक आणि बेंझोएट यांच्यात निवड करताना अल्बनी सरप्राइझसारख्या काळ्या द्राक्षाच्या रसापुढे रंगाचाही प्रश्न येतो. त्याचा जांभळा रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे असतो आणि सल्फर डायऑक्साइड त्यांच्याशी संयोग पावून रंग फिका पाडतो. कोकणातील कोकम आणि जांभूळ यांचे रंगही याच द्रव्यांचे, म्हणून अशा रंगीत सरबतांसाठी सोडियम बेंझोएट आणि लिंबू, आंबा, अननस यांसारख्या फिकट किंवा पिवळ्या फळांसाठी केएमएस, असा नियम फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणात शिकवला जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या उद्योजिकेचा आणि ऑकलंडच्या रसकारखान्याचा नियम एकच असावा यात आश्चर्य नाही, कारण दोघांच्या पातेल्यातले रसायन एक आहे. बेंझोएट घालताना भुकटी थेट घट्ट आंबट रसात न टाकता आधी थोड्या पाण्यात विरघळवून घ्यावी, ही सूचनाही प्रशिक्षणात आवर्जून दिली जाते, कारण तसे न केल्यास एकाच जागी आम्लाचे स्फटिक बनून तळाशी बसतात आणि बाकीचा रस परिरक्षकावाचून राहतो.

या द्रव्यावर पहिला मोठा वाद अमेरिकेत झाला. तेथील कृषी खात्याचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ हार्वी वायली यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांच्या जेवणात निरनिराळी परिरक्षके मिसळून त्यांच्या प्रकृतीवरील परिणाम पाहिले आणि बेंझोएटलाही दोषी ठरवले. पुढे आयरा रेमसेन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ मंडळाने १९०९ मध्ये अल्प प्रमाणातील बेंझोएट निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. वायली यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या हाइन्झ कंपनीने केचअपमधून बेंझोएट काढून टाकले, पण ते साधले कशाने, तर अधिक पिकलेले टोमॅटो, अधिक साखर आणि अधिक व्हिनेगर यांनी. परिरक्षकमुक्त म्हणून मिरवणाऱ्या त्या बाटलीत आम्ल वाढवूनच टिकाऊपणा आणलेला होता. बेंझोएट शरीरात साठत नाही. यकृतात त्याचा ग्लायसिन या अमिनो आम्लाशी संयोग होऊन हिप्युरिक आम्ल बनते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते, हे तर १८४२ मध्येच ज्ञात झाले होते. क्रॅनबेरीसारख्या काही फळांत ते निसर्गतः असते, आणि ती फळे इतरांपेक्षा जास्त टिकण्याचे ते एक कारण आहे.

न्यूझीलंडने १९०७ मध्ये अन्न व औषध विक्रीचा कायदा केला. आज ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांची अन्नमानक संहिता सामाईक असून तिच्यानुसार शीतपेयांत बेंझोइक आम्लाची मर्यादा किलोमागे ४०० मिलिग्रॅम आहे. वेष्टनावर सोडियम बेंझोएटचा २११, पोटॅशियम सॉर्बेटचा २०२ आणि सल्फर डायऑक्साइडचा २२० हे क्रमांक छापले जातात. भारतातही हेच क्रमांक वापरले जात असल्याने अल्बनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला लोणच्याच्या भारतीय बाटलीवर आणि स्थानिक फळपेयावर एकच २११ दिसू शकतो. भारतात १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाने स्क्वॅशसाठी ६०० भाग प्रति दशलक्ष बेंझोइक आम्ल किंवा ३५० भाग सल्फर डायऑक्साइड अशी मर्यादा घातली, आणि भारतीय अन्नकायद्याने परिरक्षकांचे दोन वर्ग मानले: मीठ, साखर, व्हिनेगर, मध, मसाले, तेल हा पहिला वर्ग आणि बेंझोएट, सल्फाइट, सॉर्बेट इत्यादी दुसरा. प्रशासनाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्यच आहे. मात्र तिच्यातून पहिला वर्ग निरुपद्रवी आणि दुसरा संशयास्पद असा जो समज रूढ झाला, तो शास्त्रीय नाही. लोणच्यातील मिठाचे प्रमाण पाहता रक्तदाबाच्या रुग्णाने कोणत्या वर्गाला अधिक भ्यावे, हे वैद्यांना विचारलेले बरे.

तरीही बेंझोएटच्या मर्यादा खऱ्या आहेत. झायगोसॅकरोमायसिस बेली नावाचे एक यीस्ट कायद्याने घातलेल्या मर्यादेपेक्षा अधिक बेंझोएट असलेल्या आंबट पेयातही वाढते आणि वायू निर्माण करून बाटल्या फुगवते. त्याची एखादी पेशीही बाटलीत शिरू न देणे एवढाच त्यावर भरवशाचा उपाय आहे. दुसरी अडचण १९९० च्या सुमारास पुढे आली: बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एकाच पेयात असतील, तर उष्णता व प्रकाश यांच्या सान्निध्यात अत्यल्प प्रमाणात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकते. २००६ च्या आसपास या प्रश्नाची पुन्हा चर्चा झाली, तेव्हा अनेक उत्पादकांनी पाककृती बदलल्या. सॉर्बिक आम्ल हे बेंझोएटचे एक पर्यायी द्रव्य. १८५९ मध्ये ते प्रथम रोवन झाडाच्या फळांच्या तेलातून मिळवले गेले आणि त्याचा परिरक्षक गुण १९४० च्या सुमारास लक्षात आला. त्याचा मध्यबिंदू ४.७६ असल्याने ते किंचित कमी आंबट पदार्थांतही उपयोगी पडते, आणि वाइनमध्येही ते चालते. मात्र जीवाणूंविरुद्ध ते दुबळे आहे, आणि वाइनमध्ये लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू शिल्लक असतील तर त्यांच्याशी होणाऱ्या क्रियेतून जिरेनियमच्या पानांसारखा नकोसा वास येतो. त्याच्या जोडीला गंधक द्यावेच लागते ते यासाठी.

अल्बनीत मात्र हे सारे ज्ञान परिपक्व होईतो फळबागांचाच काळ सरत आला. ३० मे १९५९ रोजी ऑकलंड हार्बर पूल वाहतुकीस खुला झाला आणि खाडीपलीकडचा हा सारा किनारा शहराच्या अंगणात आला. बोटीची वाट पाहणारे फळांचे खोके गेले आणि बागांच्या जमिनींना घरबांधणीचा भाव मिळू लागला. द्राक्षाच्या बाबतीत तर रुचीच बदलली. १९७० च्या दशकात म्युलर-थुरगाऊ या युरोपीय जातीने अमेरिकी रक्ताच्या द्राक्षांना मागे टाकले आणि १९८६ मध्ये वाइनचे अतिउत्पादन आवरण्यासाठी शासनाने अनुदान देऊन देशभर वेली उपटवल्या. सोव्हिन्यों ब्लाँक या पांढऱ्या वाइनसाठी जगभर नाव मिळवलेल्या आजच्या न्यूझीलंडमध्ये वाइनसाठी अल्बनी सरप्राइझ फारसे कोणी लावत नाही. गंमत अशी की ती सोव्हिन्यों ब्लाँकही आपल्या झणझणीत आंबटपणासाठीच नावाजली जाते, आणि तिच्या बाटलीत सल्फर डायऑक्साइडचे काम सोपे होते ते त्याच आंबटपणामुळे. मॅसी विद्यापीठाचे आवार १९९३ मध्ये अल्बनीत सुरू झाले आणि अन्नतंत्रज्ञानाचे शिक्षण येथेही दिले गेले. सामू आणि परिरक्षकांचे प्रमाण यांचे गणित अशा रीतीने फळबागांच्या जुन्या गावातच अभ्यासक्रमात आले. पॅनिलच्या द्राक्षाची रोपे न्यूझीलंडच्या रोपवाटिकांत अजूनही विकली जातात, ती परसातल्या मांडवावर चढवून नुसती खाण्यासाठी.